अक्कांनी अडवलेली खेप

आधी अक्कांचं सांगतो, मग माझं.

उदगीरच्या अलीकडं रेल्वे रस्ता कापून जाते, तिथं एक गेट आहे. त्या गेटवर ड्युटी करणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. या भागात कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची रीत घरोघर आहे. ट्रकवाले, दूधवाले, शाळेची पोरं, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा त्यांना अक्काच म्हणतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते कुठं छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही. म्हणून मीही अक्काच म्हणतो. मी आज धडधाकट आहे, रोज संध्याकाळी आईला फोन करून ‘जेवलीस का’ विचारतो, ते या बाईंमुळं. काय घडलं ते सांगतोच. पण उपकार कुणाचे, ते आधी कळलेलं बरं.

आता माझं. माझं गाव नांदेड जिल्ह्यात, धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणाच्या अंगाला. गावात शाळा आठवीपर्यंत. पुढं धर्माबादला जायचं तर सकाळची एसटी धरावी लागायची, आणि ती चुकली की दिवस गेला. असे दिवस जात जात एक दिवस मी जायचंच बंद केलं. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही, शाळा आपोआप सुटली. काही वर्षं गावातच मिळेल ते काम केलं, आणि मग चुलत्याच्या ओळखीनं उदगीरला कडब्याच्या व्यापाऱ्याकडं आलो. मालकाच्या वखारीमागं एक खोली होती, तिथं राहायला मिळालं. नायगावला गाडी बदला, देगलूरला बदला, तेव्हा कुठं उदगीर येतं. नकाशात बोटभर दिसतं, पण सणावाराला निघालो की दिवस मोडतो.

स्वभावानं मी घाबरट. खोलीला कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघणार. फोनवर आईचा आवाज जरा बसलेला वाटला की रात्रभर झोप नाही. असा माणूस कडब्यानं भरलेल्या ट्रॉलीच्या टोकावर जाऊन बसायचा, यावर आमच्या गावात कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण कामच तसं होतं, आणि खरं सांगायचं तर तिथं वर बसलं की माझी भीती पळायची.

ज्वारी काढून झाली की खेड्याखेड्यातून कडबा विकत घ्यायचा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून उदगीरला आणायचा, हा मालकाचा धंदा. कडब्याला वजन कमी, जागा फार. म्हणून ट्रॉली भरताना पेंढ्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढत, वर चढवत एवढं उंच भरण करायचं की लांबून एखादं घर चालत आल्यासारखं दिसावं. खेड्यात विजेच्या तारा लोंबलेल्या. भरण खालून जात नाही. मग एक माणूस वर बसवतात, त्याच्या हातात टोकाला बेचकं असलेला लांब बांबू देतात. त्याला आम्ही बेळकं म्हणतो. तार आली की बेळक्यानं अलगद उचलायची, ट्रॉली पुढं सरकली की मागं नेऊन अलगद सोडायची. तार तारेला लागली तर ठिणगी, कडबा पेटला तर सगळं संपलं. हे काम मला जमलं. इतकं जमलं की ट्रॅक्टर चालवणारे मामा (ते माझे मामा नव्हेत, पण चाळिशी ओलांडलेल्या डायवरला दुसरं काय म्हणायचं) दुसऱ्या कुणाला वर बसवूच देईनात. म्हणायचे, “आपला नांदेडवाला वर असला की म्या खाली गाणं म्हणत जातो.” मालकानंही त्यापायीच मला ठेवून घेतलेलं. हमाल काय, पैशाला पासरी मिळतात. तार उचलणारा मिळत नाही.

रस्त्यात ते रेल्वेचं गेट लागायचं. पूर्वी डिझेलच्या गाड्या धावायच्या तेव्हा गेट उघडं असलं की आम्ही सरळ जायचो, वर आभाळ मोकळं. मग रेल्वेनं खांब रोवले, तारा ओढल्या, आणि गेटच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोखंडी कमानी उभ्या केल्या. त्या कमानीच्या आडव्या दांड्याखालून जाईल तेवढंच वाहन पुढं न्यायचं, असा हिशोब. शेजारी लाल बोर्ड: धोका, पंचवीस हजार व्होल्ट. शाळा सुटली तरी दिसेल ते वाचायची खोड सुटली नव्हती, म्हणून मी वरूनच मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामा म्हणाले, “गावातल्या तारेत बी करंटच असतो, त्यात काय दूध असतंय व्हय?”

आकडा मोठा आहे एवढं कळलं, पण त्याचा अर्थ मलाही लागला नाही. मला अडचण दिसली ती कमानीची. आमचं भरण त्या दांड्याहून उंच. काही दिवस कमी भरलं, तर मालक वखारीत येऊन ट्रॉलीकडं बघत उभे राहायचे. “अर्धी गाडी हवा भरून आणली का रे?” खेपा वाढल्या, डिझेल वाढलं, मालकाचा आवाजही वाढला.

मग मामांनी युक्ती काढली. कडबा तो, दगड नव्हे. दाबला की दबतो. वरचा दोर कमानीआधी सैल सोडायचा, मी पालथा पडून पेंढ्यांना चिकटून राहायचं, आणि ट्रॉली हळूहळू दांड्याखाली घुसवायची. पेंढ्या खरखर करत दबतील, पलीकडं गेल्या की फुगून पुन्हा वर येतील. कमानही राजी, मालकही राजी.

“आन पुढं ती रेल्वेची तार?” मी विचारलं.

“तू हायेस की. तुझं बेळकं काय शोभेला हाय?”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट छाती जरा फुगलीच. एवढ्या मोठ्या तारेलाही माझीच काठी लागणार होती.

थंडी सरत आलेली, सकाळी दव पडायचं. त्या दिवशी आम्ही एका खेड्यातून लवकर निघालो. कडबा ओलसर, बांबू हाताला गार लागत होता. गेट उघडं होतं. मामांनी कमानीआधी ट्रॅक्टर थांबवला, मी दोर सैल केला आणि पालथा पडलो. दांडा माझ्या पाठीवरून खरवडत गेला, शर्ट फाटला ते नंतर कळलं. ट्रॉलीचा पुढचा भाग पलीकडं निघाला, पेंढ्या उसासा टाकल्यासारख्या वर आल्या. मी गुडघ्यावर बसलो, समोर तार दिसली, आणि सवयीनं बेळकं उभं केलं.

तेवढ्यात गेटच्या केबिनमधून एक बाई लाल झेंडी घेऊन धावत आली आणि ट्रॅक्टरच्या थेट नाकासमोर उभी राहिली.

“काठी आडवी कर! आडवी! उभी धरू नको!”

त्या माझ्याकडं बघत ओरडत होत्या. मामांचा ट्रॅक्टर करकचून थांबला. मी बांबू पेंढ्यांवर आडवा टाकला. एवढ्या अधिकारानं माझ्यावर फक्त माझी आई ओरडते. हात ऐकून मोकळे झाले, डोकं मागून आलं.

“काय झालं ओ अक्का?” मामा म्हणाले. “रोजचंच हाय.”

“रोज उंची बघून जातासा. आज दाबून घुसवलंय. म्या केबिनमधून बघून राहिले, कमानीखाली बसकं आन अलीकडं आलं की डोंगर. माघारी घ्या.”

मामांनी माघारी घ्यायला बघितलं तर फुगलेला कडबा मागच्या दांड्याला अडला. पुढं अक्का, मागं कमान. ट्रॉली मधेच अडकली. आणि आमच्या मागं दूधवाल्याची मोटरसायकल, एक रिक्षा, वऱ्हाडाच्या दोन जीपगाड्या, नवरदेवाची फुलं लावलेली कार. सगळ्यांनी एकदम हॉर्न सुरू केले.

मामा मान वर करून मला म्हणाले, “उचल रे तू. बांबूच हाय, लोखंड थोडंच हाय. एका मिनिटात पार होऊन जाऊ.”

“अन् त्यो वर बसलेला कोळसा झाला म्हंजे?” अक्का म्हणाल्या.

“अहो, सगळ्या गावच्या तारा उचलतो त्यो.”

तेव्हा अक्का ट्रॅक्टरला वळसा घालून ट्रॉलीजवळ आल्या आणि वर बघून माझ्याशी बोलल्या. आवाज एकदम उतरलेला. “ऐक बाबा. गावातली तार हात लावला तर चावती. ही जवळ गेलं तरी अंगावर उडी मारती. शिवायची गरज न्हाई. त्यात कडबा ओला, तुझी काठी ओली. उतर खाली.”

मी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, “उतरलास तर मालकाला तूच सांगायचं. म्या न्हाई सांगणार.”

मला भीती वाटत होती ती तारेची नव्हे, मालकाची. उतरलो म्हणजे काठी सोडली, आणि काठी सोडली तर माझं तिथं काय काम? खोली गेली, नोकरी गेली, घरी जाऊन काय सांगू की एक बाई ओरडली म्हणून परत आलो? खालून दूधवाला ओरडला, “अरे ये पाव्हण्या, ठरव लवकर, माझं दूध नासून राहिलं!” जीपमधून कुणीतरी, “तार उचलता येत न्हाई तर वर कशाला बसला, हवा खायला?” मी पेंढ्या धरून तसाच बसून राहिलो. अक्का हलल्या नाहीत. झेंडी काखेत धरून, मान वर करून उभ्या. पुन्हा ओरडल्या असत्या तर कदाचित मी हट्टानं बसलो असतो. त्या फक्त वाट बघत राहिल्या.

मी दोर धरून खाली उतरलो.

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. अक्का पळत गेल्या, चाक फिरवून गेट पाडलं आणि हिरवी झेंडी घेऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मालगाडी आली. इंजिनाच्या डोक्यावरचा सांगाडा तारेला घासत आला आणि आमच्या समोरच त्या दोघांच्या मधे निळी ठिणगी फुटली, वेल्डिंगच्या दुकानात फुटते तशी, दिवसाउजेडी डोळे दिपवणारी. चर्र असा आवाज सगळ्यांनी ऐकला. हॉर्न वाजवणारे हात थांबले. मामांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

गाडी गेली, पण अक्कांनी आमच्या बाजूचा रस्ता मोकळा केला नाही. म्हणाल्या, “आता वरचं सगळं उतरवायचं. दांड्याच्या बरोबरीला येईस्तोवर.”

वऱ्हाडातला एक काका सूट घालून पुढं आला. “अहो ताई, मुहूर्त टळून जाईल! मग रेल्वे लावून देणार हाय का लगीन?”

“हॉर्न वाजवायला हात हायेत तर पेंढ्या उतरवायला बी असतील की. नवरदेवाला बी लावा कामाला, सासरवाडीला कळू द्या जावई कसा मेहनती हाय ते!”

सगळे हसले. हसल्यावर माणूस ऐकतो. दूधवाल्यानं गाडी स्टँडवर लावली, काकांनी कोट काढून जीपच्या आरशावर टांगला, आणि पाचपन्नास पेंढ्या हा हा म्हणता रस्त्याच्या कडेला रचल्या गेल्या. नवरदेव उतरला नाही, पण त्याच्या धाकट्या भावाच्या नव्या शर्टावर कडब्याची कुसळं चिकटली आणि बायकांनी त्यावरून त्याची थट्टा केली. ट्रॉली आता दांड्याच्या खाली मोकळी आली.

मामांनी मालकांना फोन लावला. स्पीकरवर मालकांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “कुनी सांगितलं माल उतरवायला? त्या नांदेडवाल्यानं हात टेकले का? उद्यापासून येऊ नको म्हणावं त्याला!”

ज्याची भीती होती तेच झालं. मी मान खाली घातली. अक्कांनी हात पुढं केला. “द्या इकडं फोन.”

“कोन बोलून राहिलं?”

“गेटवरून बोलते. माल म्या उतरवला. पोराला दोष देऊ नका.”

“अहो बाई, तुमचं काय जातंय? रोजचा धंदा हाय आमचा.”

“धंदा करा की, कोन नको म्हनतंय? एक सांगा मला. हा जो वर बसलेला व्हता, त्याचं गाव कोनतं?”

“त्याचं? ते नांदेडकडचं हाय.”

“नांदेडकडं लई गावं हायेत. कोनतं?”

“आता ते मला काय ठाव!”

“त्याला काय झालं असतं तर निरोप कुठं धाडायचा होता, तेवढं तरी विचारून ठेवा,” असं म्हणून त्यांनी फोन मामांना परत दिला आणि केबिनकडं गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “शर्ट फाटलाय मागून. पाठ बघून घे, खरचटली असंल.”

मी तिथं उभ्या उभ्या रडलो. कुणी बघितलं नाही असं मला वाटतं.

मालकांनी मला काढलं नाही, पण खेपेवरही पाठवलं नाही. वखारीत झाडलोट, पेंढ्या रचणं. काठी कुणा दुसऱ्याला द्यायची असं चाललेलं. मी रोज संध्याकाळी आईला ‘सगळं बरं आहे’ सांगायचो आणि रात्री विचार करायचो की उद्या बोलावून हिशोब करतील. मग एका सकाळी मामा ट्रॅक्टर चालू न करता तसेच बसून राहिले. मालक म्हणाले, “काय झालं?”

“वर मानूस बसवून म्या नेणार न्हाई आता. ती ठिनगी बघितल्यापासून झोप न्हाई मला. भरण किती ते ह्यो सांगंल, नांदेडवाला. तेवढंच नेईन. न्हाईतर दुसरा डायवर बघा.”

मालकांनी आधी मामांकडं, मग माझ्याकडं बघितलं. मला म्हणाले, “गाव कोनतं रे तुझं?”

मी सांगितलं. त्यांनी फोनमध्ये आईचा नंबर घालून घेतला आणि आत गेले.

तेव्हापासून भरण मी ठरवतो. कमानीआधी ट्रॉली थांबवायची, खाली उतरून बाजूला जाऊन बघायचं, पेंढी दांड्याला टेकत असेल तर उतरवायची. दाबून बघायचं नाही. खेड्यातल्या तारांनाही आता मी काठी लावत नाही. भरण मुळातच एवढं ठेवतो की तारेखालून मोकळं जावं. खेपा जास्त होतात, मालक अजूनही कधीमधी हवेचा टोमणा मारतात, मी हसतो. माझी भीती कुठं गेली नाही, ती आहेच. पण आता तिला मी कामाला लावलंय. नवा डायवर आला की त्याला मी त्या बोर्डासमोर उभा करतो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवतो, आणि बोर्ड वाचून पुढं जायचं नसतं, थांबायचं असतं, हे आवाज चढवून सांगतो. पाडलेल्या गेटखालून मोटरसायकल वाकवून नेणारे दिसले तर त्यांनाही थांबवतो. काही जण शिव्या देतात. देऊ द्या. गेटपुढं रूळ वळतात, त्यामुळं गाडी किती जवळ आली ते कळत नाही, हे मी त्यांना ठामपणे सांगू शकतो, आणि बहुतेक जण थांबतात.

अक्कांना मी कितीदा विचारलं, काही आणू का. एकदा गूळ नेला, तो त्यांनी केबिनबाहेर बसलेल्या गुराख्याच्या बायकोला देऊन टाकला. म्हणाल्या, “ड्युटी केली रे बाबा. तू उतरलास, ते तुझं.” पण मला ठाऊक आहे. दुसरं कुणी असतं तर केबिनमध्ये बसून राहिलं असतं, किंवा ट्रॉली अडवून झाल्यावर गप्प बसलं असतं. मालकांना फोनवर माझं गाव विचारायचं कुणाच्या ड्युटीत बसतं?

आता ऐकतो की गेटाच्या जागी रुळांखालून रस्ता होणार आहे आणि अक्कांची बदली कुठंतरी लांब होईल. त्यांनी सांगितलेलं नाही, पण लोक बोलतात. कुठंही होऊ दे. मी शोधून काढीन. एक दिवस त्यांना घेऊन देगलूर, नायगाव करत धर्माबादच्या पलीकडं माझ्या घरी जाईन, आईसमोर बसवीन आणि सांगीन की हीच ती बाई. आई त्यांची ओटी भरेल, अंगावर लुगडं घालेल, ज्वारीची भाकरी आणि आमच्याकडच्या तिखट मिरचीचा ठेचा वाढेल. उपकार त्यानं फिटणार नाहीत, मला कळतं. तरी तेवढं मी करणार आहे, अक्का नको म्हणाल्या तरी.